आर्मा ३ : घेण्याआधी, खेळताना आणि वैतागल्यावर

नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीच्या बहुतेक पोरांची बंदुकीच्या गेमशी ओळख मोबाइलवर झाली. आधी पब्जी होता, २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, मग जुलै २०२१ पासून बीजीएमआय. आता कोणाच्या घरात कॉलेजच्या निमित्ताने लॅपटॉप आला आहे, कोणाला सुरतेला कामाला असलेल्या भावाने जुना पीसी आणून दिला आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अगदी खऱ्यासारखा मिलिटरी गेम कोणता? यूट्यूबला विचारले की तो आर्मा ३ दाखवतो. तो घ्यावा की नाही, घेतला तर कसा खेळावा आणि दुसऱ्याच दिवशी डोके धरून बसायची वेळ आली तर काय करावे, ते इथे सांगायचे आहे.

आर्माचे आणि पब्जीचे जुने नाते आहे. पब्जी ज्याच्या डोक्यातून निघाला त्या ब्रेंडन ग्रीनने ‘सगळे उतरा, शेवटी एकच उरा’ ही कल्पना आधी आर्मा २ मध्ये आणि मग आर्मा ३ मध्ये मॉड म्हणून करून पाहिली होती. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळणाऱ्यांनीच घातलेली भर. पण हे नाते ऐकून फसू नका. पब्जीत उडी मारल्यापासून काही मिनिटांत गोळीबार सुरू होतो. आर्मात तासभर चालून, एकही शत्रू न दिसता मिशन संपू शकते. तो तास फुकट गेला असे ज्याला वाटेल त्याने हा गेम घेऊच नये.

बनवणारी कंपनी चेक प्रजासत्ताकातली, बोहेमिया इंटरॅक्टिव्ह. तिचा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट २००१ साली आला आणि आर्मा ३ आला १२ सप्टेंबर २०१३ ला. याच घराण्यातून व्हीबीएस नावाची प्रशिक्षणाची प्रणाली निघाली आणि ती अनेक देशांच्या सैन्यांनी घेतली. त्यावरून ‘सैनिक हाच गेम खेळून शिकतात’ असे जे ठोकून दिले जाते ते अर्धवट आहे. व्हीबीएस ही वेगळी वस्तू आहे, आणि तीसुद्धा मैदानावरच्या सरावाची जागा घेत नाही.

या गेमचे खरे बळ बंदुकांत नाही, जमिनीत आहे. अल्टिस हे त्यातले मुख्य बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावर बेतलेले आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस किलोमीटर आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे इव्हान बुख्ता आणि मार्टिन पेझलार हे दोघे लेम्नोसला गेले असताना लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपावरून पकडले गेले आणि जामीन होईपर्यंत सुमारे चार महिने ग्रीक तुरुंगात राहिले. आम्ही सुटीवर आलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. (रील काढणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते घ्यावे.)

तर जमीन. कोंडाईबारी घाटातून जाताना बसच्या खिडकीतून नीट पाहिले आहे का? रस्ता कुठे दोन टेकड्यांच्या मधे अडकतो, कुठल्या वळणावरून खालचा सगळा पट्टा उघडा पडतो, कुठल्या नाल्यात बसलेला माणूस रस्त्यावरून अजिबात दिसणार नाही, हे ज्याच्या नजरेला आपोआप दिसते त्याला अर्धा आर्मा आधीच येतो. डोंगराच्या धारेवर उभे राहिलात तर मागच्या आकाशावर तुमची आकृती लख्ख दिसते. म्हणून धारेच्या जरा खालून, उताराला धरून चालायचे. सोंडेवरून उतरायचे की शेजारच्या नाल्यातून, याचा निर्णय नकाशातल्या उंचीच्या रेषा पाहून करायचा. नाल्यात तुम्ही दिसत नाही, पण तुम्हालाही काही दिसत नाही. रानात वाढलेल्या पोराला हे पटकन कळते. शहरातल्याला आधी चार वेळा मरावे लागते.

मग अंतर. मोबाइलवर बहुतेक वेळा क्रॉसहेअर डोक्यावर ठेवला की काम होते. इथे गोळी जाता जाता खाली येते, आणि रायफलची साइट किती मीटरला लावली आहे ते पेज अप आणि पेज डाउन या बटणांनी बदलावे लागते. तीनशेला लावलेली साइट सहाशे मीटरवरच्या माणसावर धरली तर गोळी त्याच्या अलीकडे मातीत जाईल. म्हणजे आधी अंतर ओळखता आले पाहिजे, आणि हा सराव विसरवाडीत फुकटात होतो. सुरत-धुळे महामार्गाच्या कडेला किलोमीटरच्या दगडांच्या मधे जिथे दोनशे-दोनशे मीटरचे छोटे दगड शाबूत आहेत तिथे, रस्ता सोडून बांधावर उभे राहा. एक दगड, दोन दगड, तीन दगड अंतरावरचा माणूस केवढा दिसतो ते पाहून ठेवा. चारशे मीटरवरचा माणूस किती बारीक दिसतो हे कळले की यूट्यूबवरची निम्मी फुशारकी आपोआप उघडी पडते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळे त्याहूनही लहान दिसते. माऊसचे उजवे बटण दाबून धरले की दृश्य जवळ येते आणि मग डोळ्याच्या अंदाजाशी मेळ बसतो.

आवाजाकडे बहुतेकांचे लक्षच नसते. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने येते, म्हणून कानाशेजारी फटका आधी बसतो आणि बंदुकीचा दणका नंतर पोहोचतो. सहाशे मीटरवरून आवाज यायला जवळजवळ पावणेदोन सेकंद लागतात. फटक्याच्या दिशेने वळून काही सापडत नाही. मागाहून येणारा दणका कुठून आला ते ऐकायचे. लॅपटॉपच्या स्पीकरवर यातले काही कळणार नाही. दोन्ही कानांत वेगळा आणि स्वच्छ आवाज देणारा साधा हेडफोन घ्या, आणि तो ग्राफिक कार्डाच्या आधी घ्या.

आता वैताग. आर्मातला वैताग दोन जातींचा आहे, आणि त्या जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत म्हणूनच बहुतेक जण गेम टाकून देतात, असे माझे मत आहे. एक वैताग मुद्दाम ठेवलेला आहे. पाठीवर रॉकेट लाँचर, दोन पिशव्या गोळ्या आणि वर मशिनगन घेतली की धाप लागते, हात थरथरतो, नेम चुकतो. वीस मिनिटे चालत आलेला गडी कुठून गोळी आली हे कळायच्या आत संपतो. यात गेमचे काही चुकलेले नाही, आपण बदलायचे. ओझे निम्मे करा. पळत जाऊन लगेच गोळी झाडू नका, श्वास खाली बसू द्या. कंट्रोल धरून डब्ल्यू किंवा एस दाबले की पूर्ण उभे आणि पूर्ण बसलेले यांच्या मधल्या स्थिती मिळतात. भिंतीच्या वर फक्त डोळे काढायला त्या शिकाव्याच लागतात. आणि एका जागेवरून दोनदा-तीनदा गोळी झाडली की जागा बदला.

दुसरा वैताग निव्वळ गचाळ कामाचा आहे, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नये. कॉम्प्युटर चालवतो ते सैनिक, म्हणजे एआय, एका क्षणी दोनशे मीटरवरून झुडपाआडचा माणूस टिपतात आणि दुसऱ्या क्षणी दारातच अडकून उभे राहतात. ट्रकांचा ताफा त्यांच्या हाती दिला की सरळ रस्त्यावरही त्यांना पुलाचा कठडा सापडतो. गवताचा तर मोठाच घोळ आहे. गवत फक्त तुमच्या आसपास काढले जाते, दूरवर काढलेच जात नाही. तुम्हाला वाटते आपण गवतात लपलो आहोत, आणि लांबून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तुम्ही उघड्या जमिनीवर पालथे पडलेले दिसता. म्हणून गवतावर भरवसा नको. दगड, भिंत, बांध, जमिनीची खोल जागा यांवर ठेवा. साथीदारांना हुकूम द्यायचा तर एफ-दोन, एफ-तीन या बटणांनी माणूस निवडायचा, मग आकड्यांच्या यादीतून यादीत शिरायचे. गोळ्या चालू असताना हे कोणालाही जमत नाही.

त्यावर उपाय आहेत, पण ते गेम स्वतः सांगत नाही. डिफिकल्टीच्या पानावर एआयचे कौशल्य आणि एआयचा नेम यांचे दोन वेगळे पट्टे आहेत. कौशल्य राहू द्या, नेमाचा पट्टा बराच खाली आणा. शत्रू हुशारीने हालचाल करतो, पण पहिल्याच गोळीत डोके उडवत नाही, आणि खेळ एकदम माणसात येतो. सुरुवातीला बूटकॅम्प नावाचा प्रशिक्षणाचा भाग पूर्ण करा, तो कंटाळवाणा वाटला तरी. तुकडीचा नायक व्हायची घाई करू नका. कोणाच्या तरी हाताखाली खेळत राहिलात तर ती आकड्यांची यादी पहिले काही आठवडे उघडावीच लागणार नाही.

मशीनबद्दल जास्त सावध राहा, कारण पैसे इथेच वाया जातात. आर्मा ३ चा भार ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरवर येतो, त्यातही त्याच्या एकेका कोअरच्या वेगावर. त्यामुळे जुन्या, मंद प्रोसेसरच्या पीसीत महागडे कार्ड घातले तरी एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) फारसा हलत नाही. सुरतेहून जुना पीसी आणताना कार्डाचे नाव विचारता तसे प्रोसेसरचे मॉडेल आणि पिढीही विचारा. हार्ड डिस्कवरचा गेम एसएसडीवर हलवला की अडखळणे बरेच कमी होते, आणि एवढ्या खर्चात याहून मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. सेटिंगमध्ये सगळे ‘लो’ करण्याआधी दोनच आकडे पाहा : एकूण दिसण्याचे अंतर आणि वस्तू दिसण्याचे अंतर. पहिले दोन हजार मीटरच्या आसपास, दुसरे हजार-बाराशेला ठेवून बघा. पायी लढायला एवढे पुरते. विमान चालवायचे तर पुरणार नाही, पण सुरुवातीला विमानाच्या नादी लागूच नका. मोठ्या सर्व्हरवर एफपीएस कोसळला तर दर वेळी दोष तुमच्या मशीनचा नसतो. सर्व्हरच दमलेला असतो, आणि तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही.

विकत घेण्याची युक्ती सोपी आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्षातून अनेकदा सेल लागतो आणि हा गेम तेव्हा निम्म्याहून बराच कमी किमतीला मिळतो, म्हणून पूर्ण किमतीला घेण्यात अर्थ नाही. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत करते. त्या दोन तासांत मजा येते का हे कळणारच नाही, ते शोधू नका. मशीन झेपते का, एवढेच तपासा. एक शहराजवळचे मिशन उघडा, धूर करा, पाच-दहा एआय सोडा आणि पाहा. जादा भाग, म्हणजे डीएलसी, पहिल्या खरेदीत घेऊ नका. अपवाद एकच करीन. २०१७ चा लॉज ऑफ वॉर हा भाग आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सहकार्याने केलेला आहे. त्यात तुम्ही लढाईत पेरलेले सुरुंग ती संपल्यावर काढणाऱ्या मदत संस्थेचे कार्यकर्ते असता, आणि एकाच गावात युद्धाआधी, युद्धात आणि युद्धानंतर काय झाले ते उलगडत जाते. मला विचाराल तर संपूर्ण आर्मा ३ मधली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे.

डाउनलोडचा विचार आधी करा. मूळ गेमच बऱ्याच जीबींचा आहे, मॉड घालत गेलात की शंभरीकडे सरकतो. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हे होणार नाही. फायबर असलेल्या मित्राकडे किंवा नवापूर-नंदुरबारला नातेवाइकाकडे पीसी नेऊन एकदा उतरवून घ्या. दोघांनीही गेम विकत घेतला असेल तर स्टीमची एक सोय फार उपयोगी आहे : एकाच वायफायवरच्या दोन मशिनींत गेम इंटरनेट न वापरता एकीकडून दुसरीकडे पाठवता येतो. २०२३ पासून ती सोय आहे आणि आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असू द्या. लढाईच्या मधे लाइट गेली तर मिशन जाते ते जाते, पण अपडेट चालू असताना गेली तर फायली पुन्हा तपासत बसावे लागते.

फक्त फोनच असेल तर आर्मा विसरा, तो फोनवर येत नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, पुण्याच्याच डॉट९ गेम्सचा फौजी : डॉमिनेशन २०२५ मध्ये. दोन्ही झटपट खेळायचे गेम आहेत, सिम्युलेशन नव्हेत, पण आपल्या मातीत झालेले आहेत. एक्सबॉक्स किंवा पीएस५ असलेल्यांना आर्मा रिफोर्जर हा नवा भाग चालतो. एकट्याने खेळायला मात्र त्यात आर्मा ३ एवढा ऐवज नाही.

एकट्याने खेळून या गेमची खरी चव कळत नाही. तो उजळतो माणसांच्या तुकडीत, जिथे एक जण नायक असतो, एक वैद्य, एक मशिनगनवाला, आणि प्रत्येक जण नेमून दिलेल्या जागी बसतो. एसीई नावाचे मॉड घातले की जखमेला पट्टी कोणती, रक्त थांबवायला दोर कुठे आवळायचा, मॉर्फिन कधी द्यायचे, हे सगळे वैद्याला करावे लागते, आणि त्याला गोळ्यांपासून झाकून ठेवणे बाकीच्यांचे काम होते. रेडिओचे मॉड घातले की दूर गेलेल्या साथीदाराचा आवाज खरखरत येतो, डोंगराआड गेला की तुटतो. इथे नेमबाज पोरगा कमी कामाचा ठरतो आणि सांगितलेले ऐकणारा जास्त. युरोपातल्या गटांत शिरायची हौस असेल तर घड्याळ पाहा : त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे जर्मनी-फ्रान्सच्या हिशोबाने उन्हाळ्यात आपले साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. शनिवारी चालून जाईल, परीक्षेच्या आठवड्यात नाही. शिवाय रेडिओवर इंग्रजी बोलावे लागते आणि लांबच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो. आपल्याच चार मित्रांनी मावचीत, अहिराणीत, जे येईल त्यात ओरडत खेळलेले कधीही जास्त रंगते.

महामार्गाच्या कडेने पहाटे पळणारी भरतीची पोरे हा गेम ‘तयारी’ म्हणून खेळतात, त्यांना एक सांगायचे आहे. अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, मग मैदान, आणि तिथे १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालात तर पहिल्या गटाचे गुण मिळतात. आर्मा यातले काहीही देत नाही. नकाशा वाचायची सवय लागते, आज्ञा शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय लागते, एवढे मी मान्य करतो. पण रात्री एक वाजता मिशन संपवून पहाटे पाचला पळता येत नाही, आणि हा हिशोब ज्याचा त्याने करावा. आईवडिलांसाठी : युरोपातल्या वर्गीकरणात हा गेम सोळा वर्षांवरच्यांसाठी आहे. यात पैशाची पैज नसते, ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंद झालेले पैसे लावून खेळायचे गेम वेगळे. सार्वजनिक सर्व्हरवरच्या बोलण्याकडे मात्र लक्ष ठेवा. तिथली भाषा घरात चालणारी नसते.

ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनीही एवढा भाग वाचावा. आर्मा ३ इतका खरा दिसतो की त्याच्या चित्रफिती खऱ्या युद्धाच्या म्हणून फिरतात. युक्रेनच्या युद्धात हे इतके वाढले की नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीला स्वतः निवेदन काढून खोट्या चित्रफिती ओळखायच्या खुणा सांगाव्या लागल्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत त्याच गेमच्या फिती भारत-पाकिस्तान लढाईच्या म्हणून पसरल्या. व्हॉट्सॲपवर अशी फीत आली की पाहा : चित्र मुद्दाम धूसर आणि हलते आहे का, रात्रीचे आहे का, आवाज गायब आहे किंवा स्फोटाशी जुळत नाही का, हलणारी माणसे जवळून एकदाही दिसत नाहीत का, धूर आणि ठिणग्या दर वेळी एकाच साच्यातल्या आहेत का, कोपऱ्यात गेमच्या खुणा पुसट करून झाकल्या आहेत का. खरा क्षेपणास्त्र हल्ला टिपणारा माणूस बहुधा घाबरून बोलतो, आजूबाजूला कोणी ओरडते. गेममधल्या फितीत बहुधा शांतता किंवा वर चढवलेले संगीत असते. शंका आली तर पुढे पाठवू नका. घरातल्या गेम खेळणाऱ्या पोराला दाखवा, तो एका नजरेत सांगेल.

मित्रांबरोबर पहिले मिशन स्वतः बनवा. ईडन एडिटर गेममध्येच असतो, वेगळे काही घ्यावे लागत नाही. अल्टिसवर डोंगराळ भागातले एखादे छोटे गाव निवडा. चार खेळाडू ठेवा, एक ट्रक, एक औषधांची पेटी. ती पेटी गावातून घेऊन दीड-दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात पोहोचवायची, एवढेच काम. शत्रूची एकच सहा जणांची टोळी रस्त्याच्या आसपास फिरती ठेवा आणि ती नेमकी कुठे आहे ते बनवणाऱ्यालाही कळू नये म्हणून तिची जागा दर वेळी बदलेल अशी ठेवा. वेळ पहाटेची ठेवा, थोडे धुके टाका. ट्रक एआयच्या हाती देऊ नका, माणसाने चालवा. नायक कोण, वैद्य कोण, मेल्यावर परत यायचे की मिशन संपेपर्यंत बघत बसायचे, हे आधी ठरवून घ्या, कारण भांडणे होतात ती याच मुद्द्यावर. चौघांचे माइक तपासा, पंखा माइकच्या तोंडावर येत असेल तर फिरवा, आणि मग सुरू करा.